आशा धरा म्हणतात, पण कशाची?

आदरणीय ताई, सलाम.

मी खानापूर तालुक्यातली. आमचं घराणं तीन पिढ्यांपासून ख्रिस्ती. माझे मालक बेळगावला उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत मोल्डर होते. रोज सकाळच्या बसने जायचे, रात्री यायचे. गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर त्यांना लकवा मारला. उजवी बाजू गेली, बोलणं अडखळतं. पहिले काही महिने फाउंड्रीतलं कोणी ना कोणी यायचं, आता फोनही नाही. मी गावच्या शाळेत दुपारच्या जेवणाचा स्वयंपाक करते आणि घरी ब्लाउज शिवते. मुलगा पीयूसीच्या दुसऱ्या वर्षाला, म्हणजे बारावीला आहे. दवाखान्यासाठी बायकांच्या गटातून तीन ठिकाणी कर्ज काढलंय, आठवड्याला हप्ता. चुकला की वसुलीवाला पोरगा येऊन कट्ट्यावर बसतो, दिवेलागण झाली तरी उठत नाही. दीर म्हणतात, सासऱ्यांची वीस गुंठे भाताची जमीन विक आणि मोकळी हो.

पण खरं दुखणं वेगळंच आहे. गावात एक प्रार्थना करणाऱ्या बाई आल्या होत्या. त्यांनी मालकांच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली आणि जाताना म्हणाल्या, ‘घरात कबूल न केलेलं काहीतरी पाप आहे, नाहीतर विश्वास कमी पडतोय.’ मालकांनी ते ऐकलं. त्या रात्री ते भिंतीकडे तोंड करून रडत होते. तेव्हापासून मी उपासनेला जात नाही. गीतं म्हणवत नाहीत. मंडळीतलं कोणी फारसं फिरकत नाही. शेजारच्या मावशी आपल्यातल्या नाहीत, त्या मात्र रोज भाकरी नाहीतर आमटी पाठवतात. रात्री पाठ टेकताना वाटतं, सकाळ उजाडूच नये. पाळकसाहेब भेटले की म्हणतात, आशा धरा. कशाची धरू? आणि देवाला ‘का’ म्हणून विचारलं तर ते पाप होतं का?

— एक बहीण, खानापूर तालुका

*

ताई,

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण ते सोपं आहे. नाही, पाप होत नाही. बायबलातल्या दीडशे स्तोत्रांपैकी तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास तक्रारीचीच आहेत. तेराव्या स्तोत्राची सुरुवातच देवाला ‘कुठवर?’ असं विचारून होते, आणि एकदा विचारून भागत नाही, लागोपाठ चार वेळा विचारलंय. ईयोब आपला जन्मदिवसच नासो म्हणतो. यिर्मया देवाला तोंडावर सांगतो की तू मला फसवलंस. आणि येशूने वधस्तंभावर बाविसाव्या स्तोत्राची पहिली ओळ घेतली, ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ ज्यांनी शास्त्र जपून आपल्यापर्यंत पोचवलं, त्यांना ही वाक्यं गाळता आली असती. त्यांनी गाळली नाहीत. तुम्ही उपासनेला जात नाही याची मला तितकी काळजी वाटत नाही. उद्या देवाशी भांडायचंही सोडलंत, तर वाटेल.

‘सकाळ उजाडूच नये’ ही ओळ मात्र मी परत परत वाचली. दमलेलं माणूस असं बोलतं, हे खरं. पण हे रोजचंच झालं असेल, किंवा त्याच्या पुढचा काही विचार मनात डोकावत असेल, तर हे वाचून झालं की आजच १४४१६ ला फोन लावा. टेली-मानस ही सरकारी सेवा आहे. पैसे पडत नाहीत, रात्री-अपरात्रीही चालू असते, भाषा निवडता येते. कन्नडातच बोलावं लागेल ही भीती नको. शेजारच्या मावशींनाही तुमच्या मनात काय चाललंय ते सांगून ठेवा. प्रार्थना करायची की फोन करायचा, असा पेच घालून घेऊ नका. दोन्ही करा.

एलीयासारखा संदेष्टा रानात एका झुडपाखाली जाऊन बसला आणि म्हणाला, आता पुरे, माझा जीव घे. देवाने त्याला दटावलं नाही की वचन शिकवलं नाही. दूत आला, निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं उशाशी ठेवलं आणि म्हणाला, ऊठ, खा. एलीया जेवला आणि परत आडवा झाला. दूताने परत उठवलं, परत खायला घातलं. बोलणं झालं ते चाळीस दिवसांनी, होरेब डोंगरावर. तुमची झोप किती होते, ते पत्रात नाही. मालकांना कुशीवर वळवायला रात्रीत दोनदा तरी उठावं लागत असेल. आठवड्यातली एक रात्र दिरांनी किंवा मुलाने तिथे झोपावं आणि तुम्ही दुसऱ्या खोलीत. हे मागायला लाजू नका. जमीन विकायचा सल्ला देणाऱ्या दिरांना एक रात्र जागायला सांगितलं तर काही जास्त होत नाही.

आता त्या प्रार्थनेच्या बाई. मी त्यांना ओळखत नाही, त्यांचा हेतू चांगलाच असेल. पण त्या बोलल्या ते चूक होतं, आणि हे मी माझ्या पदरचं सांगत नाही. ईयोबावर संकट आलं तेव्हा त्याचे तीन मित्र येऊन सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसले, कोणी एक शब्द बोललं नाही. तेवढे सात दिवस ते खरे मित्र होते. मग त्यांनी तोंडं उघडली आणि नेमकं हेच सांगितलं: तू काहीतरी केलं असशील. पुस्तकाच्या शेवटी देव त्या मित्रांवर रागावतो आणि म्हणतो, माझा सेवक ईयोब माझ्याविषयी जसं बरोबर बोलला तसं तुम्ही बोलला नाहीत. शिष्यांनी जन्मांधाकडे बोट दाखवून विचारलं, पाप कोणी केलं, याने की याच्या आईबापांनी? येशू म्हणाला, याने नाही आणि यांनीही नाही. सिलोआमचा बुरूज कोसळून अठरा माणसं दगावली, ती काय बाकीच्या यरुशलेमकरांपेक्षा जास्त अपराधी होती? हा प्रश्न येशूनेच काढला आणि ‘नाही’ हे उत्तरही त्यानेच दिलं. (पुढे तो पश्चात्ताप करा म्हणतो खरा, पण ते समोर धडधाकट उभे राहून ऐकणाऱ्यांना. ढिगाऱ्याखाली गेलेल्यांच्या नावावर त्याने काही मांडलं नाही.)

लकवा येतो तो मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकून किंवा ती फुटून. रक्तदाब, साखर, तंबाखू ही त्यामागची नेहमीची मंडळी. बीपीची गोळी रोज चालू आहे ना, एवढंच त्या बाईंनी विचारलं असतं तर उपयोग झाला असता. आणि एक लक्षात ठेवा. उजवी बाजू आणि बोलणं एकदम गेलं, तर इजा बहुतेक वेळा मेंदूच्या डाव्या अंगाला झालेली असते. अशा माणसाला शब्द सापडत नाहीत म्हणून त्याला काही कळत नाही असं समजू नये. तुमच्या मालकांना कळलं, म्हणूनच ते भिंतीकडे तोंड करून रडले. ते वाक्य त्यांच्या कानात पडलंय, तेव्हा त्याचं उत्तरही त्यांच्या कानातच पडायला हवं. आज संध्याकाळी त्यांच्याजवळ बसा आणि योहानाचा नववा अध्याय मोठ्याने वाचून दाखवा. तुम्हाला वाचवत नसेल तर मुलाला वाचायला सांगा.

आणि म्हणे विश्वास कमी पडतोय! लकव्याच्या माणसाची गोष्ट शास्त्रातच आहे, मार्काच्या दुसऱ्या अध्यायात आणि लूकच्या पाचव्यात. कफर्णहूम गावात येशू एका घरात बोलतोय, दारात पाय ठेवायला जागा नाही. चार माणसं एका पक्षाघाती माणसाला बाजेवर घालून आणतात. आत जाता येत नाही म्हणून ती छपरावर चढतात. लूक तर कौलं काढल्याचंच सांगतो. खानापूरकडच्या माणसाला कौलं उतरवणं म्हणजे काय, ते मी सांगायला नको. पावसाळ्याआधी गडी वर चढतो, एकेक कौल सोडवून खालच्याच्या हातात देतो, फुटकी वेगळी, धड वेगळी. खाली घरात वर्षभराची धूळ, जळमटं, उंदरांनी ओढून नेलेला चिंध्यांचा गोळा, सगळं अंथरुणावर पडतं. आपल्याच घराचं काम असलं तरी घरधनीण करवादते. या चौघांनी दुसऱ्याच्या घराची कौलं काढली, तीही घरात पाहुणे भरलेले असताना.

मग शास्त्र म्हणतं की येशूने त्यांचा विश्वास पाहिला. वर घामेजून, दोर हातात धरून उभ्या असलेल्या माणसांचाही त्यात हिशोब आहे. बाजेवर पडलेला माणूस तर अख्ख्या गोष्टीत चकार शब्द बोलत नाही. कदाचित त्याचंही बोलणं गेलं असेल. त्याचा विश्वास किती शेर, किती पायली, कोणी मोजला नाही. त्या बाई म्हणतील की याच गोष्टीत येशू पापक्षमेचं बोलतो. बोलतो की. पण ‘अमुक पाप केलंस म्हणून लकवा झाला’ असं तो म्हणत नाही. क्षमा देतो, आणि तीही त्या माणसाने मागितलेली कुठे दिसत नाही.

तेव्हा तुमच्या घरापुरतं बोलायचं, तर उणीव आहे ती बाज उचलणाऱ्यांची. हे पत्र पाळकसाहेबांना दाखवायला माझी हरकत नाही, उलट दाखवाच. ‘आशा धरा’ हे त्यांचं म्हणणं खोटं नाही, पण ते एकट्या बाईला सांगून चालत नाही. दर आठवड्याला कोणीतरी दोन तास मालकांजवळ बसावं, म्हणजे तुम्हाला शिवण घेऊन बसता येईल. व्यायाम करून घेणाऱ्याकडे त्यांना नेणारं कोणी हवं. कन्नड कागद वाचून दाखवणारं कोणी हवं. आपली सीमाभागाची तऱ्हाच ही, उपासना मराठीत आणि पहाणी, म्हणजे जमिनीचा उतारा, कन्नडात. मंडळीत कन्नड शाळेत शिकवणारे शिक्षक असतात, बँकेतून निवृत्त झालेले असतात. यापुढे कोणी रस्त्यात ‘प्रार्थनेत आठवण करतो हं’ म्हणालं, की त्यांना वार विचारा. ‘बुधवारी याल का?’ म्हणून. दोघे-तिघे काढता पाय घेतील. एखादा येईल.

उपासनेला जायचं की नाही? जमेल तेव्हा जा, मागच्या बाकावर बसा आणि गीत म्हणू नका. बाकीचे म्हणतील. तुमच्या वाटणीचं काही दिवस त्यांनी म्हटलं तर बिघडत नाही, मंडळी असते ती त्याचसाठी. ‘देव चांगला आहे’ म्हणताना खोटं बोलल्यासारखं वाटत असेल तर ते म्हणू नका. खोटं म्हणण्यापेक्षा गप्प बसणं देवाला चालतं.

मावशींबद्दल तुम्ही जरा ओशाळून लिहिलंय, जणू आपल्यांनी करायचं ते परक्यांनी केलं. दुष्काळात एलीयाला देवाने कोणाच्या घरी धाडलं होतं? सारफथच्या विधवेकडे, सीदोनच्या मुलखात. ती इस्राएलातली नव्हती. घरात मूठभर पीठ आणि थोडंसं तेल, त्यातली भाकर तिने त्याला दिली. येशूने आपल्याच गावच्या सभास्थानात या बाईची आठवण काढली तेव्हा लोक इतके चिडले की त्याला कड्यावरून ढकलायला निघाले. म्हणजे ही गोष्ट आपल्या माणसांना पहिल्यापासूनच झोंबते. मावशींची आमटी देवाने पाठवलेली आहे असं समजून खा, आणि भांडं परत देताना रिकामं देऊ नका, एवढी रीत तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत.

आता मूळ प्रश्न. कशाची आशा?

मालकांचा हात पहिल्यासारखा होईल याची? थोडाफार होऊ शकतो. पहिल्या काही महिन्यांत सुधारणा झपाट्याने होते, मग तिचा वेग कमी होतो, पण व्यायाम सोडायचा नसतो. पूर्ण बरा होईलच असं मी लिहिलं तर मी त्या बाईंच्याच पंगतीला जाऊन बसले. फाउंड्रीवाले परत बोलावतील, मुलाला चांगली नोकरी लागेल, हे सगळं व्हावं असं मलाही वाटतं. पण ते झालं नाही तर आशा संपली, असं असेल तर ती ख्रिस्ती आशा म्हणायचं कारण नाही. तसल्या आशेवर तर सगळं जग चालतं.

यिर्मयाचा बत्तिसावा अध्याय काढा. उपदेशात तो फारसा ऐकू येत नाही, बहुधा त्यात व्यवहार फार आहे म्हणून. यरुशलेमला बाबेलच्या फौजेचा वेढा पडलाय. शहर पडणार हे यिर्मयानेच सांगितलंय, आणि सांगितलं म्हणून राजाने त्याला पहाऱ्यात डांबलंय. अशात त्याचा चुलतभाऊ हनामेल येतो आणि म्हणतो, अनाथोथमधलं माझं शेत घे, घ्यायचा हक्क तुझा आहे. शत्रूने वेढलेल्या मुलखातलं शेत, आणि घेणारा कैदेत! यिर्मया सतरा शेकेल चांदी तराजूत तोलून देतो. खरेदीखत होतं, साक्षीदार सह्या करतात, मोहोर लागते. एक प्रत मोहोरबंद, एक उघडी. सब-रजिस्ट्रारच्या कचेरीत पाय मोडेपर्यंत उभ्या राहिलेल्या कोणालाही हा अध्याय ओळखीचा वाटेल. मग तो आपल्या लेखनिकाला, बारूखला सांगतो, हे दोन्ही कागद मातीच्या भांड्यात ठेव, म्हणजे पुष्कळ दिवस टिकतील. कारण देव म्हणतो, या देशात पुन्हा घरं, शेतं, द्राक्षमळे विकत घेतले जातील.

मला यातला सगळ्यात खरा वाटणारा भाग पुढचा. पैसे मोजून झाल्यावर, कागद झाल्यावर यिर्मया प्रार्थनेला बसतो, आणि त्या लांबलचक प्रार्थनेचा शेवट असा: हे बघ, वेढ्याचे मोर्चे शहराला भिडले, शहर खास्द्यांच्या, म्हणजे बाबेलवाल्यांच्या हाती चाललंय, आणि तू मला म्हणतोस शेत विकत घे? म्हणजे त्याला तेव्हा आशा वगैरे काही वाटत नव्हती. आतून तो तुमच्यासारखाच होता. तरी कागद झालेला होता. पुढे शहर पडलंच. त्या शेतात यिर्मयाने कधी नांगर धरल्याचं शास्त्रात कुठे नाही. त्याचं शेवटचं दर्शन होतं ते मिसर देशात, तेही लोकांनी ओढत नेलं म्हणून.

(यावरून तुम्ही जमीन विकू नका असं मी म्हणते, असा अर्थ काढू नका. जमिनीचं पुढे लिहिलंय, त्याची कारणं वेगळी आहेत.)

पुनरुत्थानाच्या सकाळचंही तसंच आहे. आपण त्या दिवशी पांढरे कपडे घालून गातो, त्यामुळे विसरायला होतं की पहाटे कबरेकडे निघालेल्या बायका काही आशेने निघालेल्या नव्हत्या. त्या मृतदेहाला लावायला सुगंधद्रव्यं घेऊन चालल्या होत्या. शब्बाथ संपला तशी विकत आणली होती. वाटेत त्यांचं बोलणं काय चाललं होतं, ते मार्काने लिहून ठेवलंय: कबरेच्या तोंडावरचा धोंडा आपल्यासाठी कोण लोटील? चार बायका कामाला निघाल्यावर जे बोलतील तेच. पुरुष मंडळी दारं लावून बसली होती, आणि ज्या हातातलं काम करायला निघाल्या त्यांना ती बातमी पहिल्यांदा कळली. रोज पहाटे उठून तुम्ही मालकांचं तोंड पुसता, दाढी करता, पेज भरवता, ते करताना मनात काहीच नसतं, नुसता थकवा असतो. असू दे. त्या बायकांच्या मनातही दुसरं काही नव्हतं.

आशा टेकायची ती त्या रिकाम्या कबरेवर. पौल तर उघडच म्हणतो, ख्रिस्त उठला नसेल तर आमचं सांगणं व्यर्थ, तुमचा विश्वासही व्यर्थ. तो उठला तेव्हा हातावरचे खिळ्यांचे वण घेऊन उठला, थोमाला ते दाखवले. विश्वासांगीकारात आपण देहाचं पुनरुत्थान म्हणतो, आणि पाठ असल्यामुळे भरभर म्हणून टाकतो. त्या देहात मालकांचा उजवा हात आला, अडकलेली जीभ आली. हे कधी, कसं, मला सांगता येणार नाही. पण शास्त्र वचन देतं ते याचं, फाउंड्रीतल्या नोकरीचं देत नाही.

‘या सगळ्याला अर्थ काय’ असं तुम्ही लिहिलं नाहीत, पण ते पत्रात आहेच. इथे मला पंडिता रमाबाई आठवतात. त्यांचा जन्म १८५८ चा, आजच्या कर्नाटकातल्या गंगामूळच्या रानातला. कोवळ्या वयात दुष्काळात आई, वडील, बहीण अन्नावाचून गेली. १८८० मध्ये भाऊ गेला, १८८२ मध्ये नवरा पटकीने गेला, पदरात लहान मुलगी. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, टाकून दिलेल्या मुली घेऊन आल्या, त्यातून केडगावचं मुक्ती मिशन उभं राहिलं. ज्या मुलीच्या हाती ते काम सोपवायचं, ती मनोरमाही १९२१ मध्ये त्यांच्या आधी गेली. बाईंनी तेव्हा मूळ भाषांवरून बायबलचं मराठी करायचं काम चालवलं होतं, ते त्यांनी टाकलं नाही. १९२२ च्या एप्रिलमध्ये त्या गेल्या. मुक्ती उभं राहावं म्हणून देवाने त्यांच्या आईबापांना उपाशी मारलं, असं कोणी व्यासपीठावरून सांगितलं तर मी उठून बाहेर जाईन. दुष्काळ हा दुष्काळच होता. पण भूक म्हणजे काय हे ठाऊक असलेली बाई त्या पोरींना ओलांडून पुढे जाऊ शकली नाही. तुमच्या दुःखाला अर्थ आजच सापडला पाहिजे असा तगादा स्वतःमागे लावू नका. एका घरात वसुलीवाले पुरेत.

आता ते वसुलीवाले. गटाचं कर्ज म्हणजे पाचदहा बायका कोणाच्या तरी कट्ट्यावर ओळीने बसणार, एकीचा हप्ता चुकला की बाकीच्यांच्या पदरातून जाणार, म्हणून पैशापेक्षा लाज मोठी. कर्ज घेतलंय ते फेडायचंच आहे. पण मायक्रोफायनान्सचं कर्ज विनातारण असतं. त्या वीस गुंठ्यांवर त्यांचा कसलाही हक्क नाही. तेव्हा त्यांच्या धाकाने घाईघाईत जमीन विकू नका. विकायचीच झाली तर सवड घेऊन, चार ठिकाणी भाव विचारून विका. सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर वसुलीला यायचं नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. दिवेलागणीनंतर कट्ट्यावर बसणाऱ्या पोराला हे शांतपणे सांगा, त्याला माहीत असतं. कर्जाचं कार्ड तुम्हाला कळेल अशा भाषेत मागायचा तुम्हाला हक्क आहे. सगळे हप्ते मिळून घरच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नयेत, हेही त्याच नियमात आहे. तिन्ही ठिकाणची कार्डं घेऊन बेरीज करा आणि हप्ता कमी करून मुदत वाढवून द्या असा अर्ज लेखी द्या, पोच घ्या. धमकी, शिवीगाळ झाली तर पोलिसांत जा. जबरदस्तीच्या वसुलीविरुद्ध कर्नाटक सरकारने फेब्रुवारी २०२५ मध्ये वटहुकूम काढला तो आपल्यासारख्यांच्या तक्रारींमुळेच.

दुसरं, मालकांच्या पगारातून ईएसआय, म्हणजे कामगार विम्याचे पैसे, कापत होते का? जुनी पगाराची पावती शोधा. अर्धांगासारख्या लांबलेल्या आजारात काही अटींवर दोन वर्षांपर्यंत पगाराच्या ८० टक्के रक्कम मिळते. यासाठी बेळगावच्या ईएसआय कचेरीत मुलाला किंवा त्या कन्नड वाचणाऱ्या माणसाला घेऊन जा. पीएफचंही त्याच फेरीत विचारा. ‘हे सगळं आधी का केलं नाहीस’ असं कोणी म्हटलं तर ऐकून सोडून द्या.

पत्राच्या मागच्या बाजूला तुम्ही बारीक अक्षरात आणखी एक ओळ लिहिलीय. पुढच्या महिन्यात महिला मंडळात वचन वाचायची पाळी तुमची आहे, नाही म्हणून कळवू का? कळवू नका. जा, आणि अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र वाचा. अठराच ओवी आहेत. विलापाच्या बहुतेक स्तोत्रांत शेवटी शेवटी उजेड येतो, यात येत नाही, ते अंधारातच संपतं. वाचून झालं की पुस्तक मिटा आणि खाली बसा, स्पष्टीकरण द्यायला थांबू नका. चहाच्या वेळी कोणी विचारेलच, हे काय निवडलंस म्हणून. त्यांना सांगा, शास्त्रात होतं म्हणून वाचलं. आणि त्यांना बुधवारचं विचारा.